मिडफिल्डरचे अकरा किलोमीटर: मेहनत किती, उपजत गुण किती?

सामना संपत आला की टीव्हीच्या पडद्यावर एक पाटी येते: अमुक खेळाडू, 11.6 किलोमीटर. वरची नावं बहुतेक वेळा मिडफिल्डरचीच असतात. पाटी दिसली की बघणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, हा घाम गाळतोय म्हणून संघ उभा आहे. दुसरा म्हणतो, नुसतं पळून काय होतंय, पायात कला लागते आणि ती जन्मतःच यावी लागते.

पुण्यात हा वाद आता टीव्हीपुरता उरलेला नाही. बाणेर, वाकड, खराडी, कोंढवा, जिकडे मोकळा प्लॉट सापडेल तिकडे जाळी लावून टर्फ उभं राहिलंय आणि संध्याकाळी तिथे मुलांच्या बॅचेस चालू असतात. काही ठिकाणी मुलांच्या अंगात जीपीएसची बंडी असते. रात्री पालकांच्या फोनवर तक्ता येतो: मुलगा आज किती पळाला, किती वेळा जोरात पळाला. आकडा सगळ्यांना वाचता येतो. पण त्या आकड्यावरून "हा मेहनती आहे" आणि "तो टॅलेंटेड आहे, पण आळशी" असे शिक्के बसायला लागतात, तेही अकरा-बारा वर्षांच्या पोरांवर. एकदा शिक्का बसला की प्रशिक्षक त्या पोराला तसंच खेळवतो, आईबाप तसंच बोलतात आणि पोरगंही स्वतःला तसंच समजायला लागतं. मला हे फार खटकतं, कारण मिडफिल्डरच्या बाबतीत हे दोन कप्पे मुळात असे वेगळे निघतच नाहीत. का निघत नाहीत, ते पायापासून पाहू.

मधल्या फळीचं काम नेमकं काय

फुटबॉलचं मोठं मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद. गोलकीपर सोडला तर दहा जण. मागची फळी गोल वाचवते, पुढची गोल करते आणि या दोघींच्या मधे जे तीन-चार जण असतात ते मिडफिल्डर. त्यांच्यातही वाटणी असते. बचावफळीच्या पुढ्यात उभा राहून समोरच्यांची चाल मोडणारा तो सहा नंबर. दोन्ही टोकांना ये-जा करणारा आठ नंबर. आणि पुढच्यांच्या पाठीशी राहून गोलची संधी तयार करणारा दहा नंबर. पाठीवर कुठलाही आकडा असला तरी कामावरून त्यांना याच नावांनी ओळखतात.

बाकीच्यांना निदान एका बाजूची तरी काळजी करावी लागत नाही. मागच्या फळीतल्या बॅकला पाठीमागे आपलाच गोलकीपर असतो, कडेने खेळणाऱ्या विंगरच्या एका अंगाला पांढरी रेघ असते. मिडफिल्डरला मात्र चारी बाजूंनी माणसं. चेंडू समोरून येतो तेव्हा तो हिसकावणारा पाठीमागून येत असतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

समालोचक सारखे "वर्क रेट" म्हणत असतात. त्याचा अर्थ असा: खेळाडू संघासाठी, विशेषतः चेंडू आपल्याकडे नसताना, किती आणि किती जोमाने राबतो. चेंडू गेल्यावर परत मागे येणं, पास देणाऱ्याच्या अंगावर जाणं, सहकारी पुढे गेला तर त्याची मोकळी जागा धरणं, हे सगळं त्यात आलं. यापुढे मी त्याला नुसतं मेहनत म्हणेन.

अकरा किलोमीटर फोडून पाहिले तर

90 मिनिटांत 11 किलोमीटर म्हणजे ताशी सव्वासात किलोमीटरच्या आसपास. सकाळी वेताळ टेकडीवर जॉगिंग करणारे कितीतरी पन्नाशीचे लोक याहून जोरात पळतात. 21 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पुरी करणारा एखादा नोकरदार तर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. तरी त्याला लीगच्या सामन्यात मधल्या फळीत उतरवलं तर पंधरा मिनिटांत कमरेवर हात ठेवून उभा राहील.

कारण त्या 11 किलोमीटरांचा मोठा भाग चालण्यात आणि हळू पळण्यात जातो. ताशी 20 किलोमीटरच्या वरचं, खरं जोराचं पळणं सगळं मिळून किलोमीटरभर, कधी त्याहूनही कमी. पण ते सलग नसतं. खेळाडूची हालचाल दर चार-पाच सेकंदांनी बदलते. थांबला, वळला, सुटला, पुन्हा थांबला, मागे सरकला, उडी मारली. शरीराला खरं दमवतं ते हे थांबणं-सुटणं. एकूण किलोमीटरच्या आकड्यात ते दिसतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त चकित करणारी आहे. इंग्लंडच्या वरच्या तीन श्रेणींतल्या खेळाडूंची तुलना करणारा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांत जोरात आणि जास्त पळणारे पहिल्या श्रेणीचे, म्हणजे प्रीमियर लीगचे असतील असं कुणालाही वाटेल. निघालं उलटं. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीतले खेळाडू सामन्यात जास्त वेगाचं पळणं जास्त करत होते. दम मोजणाऱ्या चाचणीत मात्र तिन्ही श्रेणींचे खेळाडू जवळपास सारखेच होते. म्हणजे वरच्यांना पळता येत नव्हतं असं नाही. त्यांना तेवढं पळावं लागत नव्हतं. त्यांचे पास जास्त होते, चेंडू टिकत होता, आणि ज्याच्याकडे चेंडू टिकतो त्याला तो परत मिळवायला धावावं लागत नाही.

म्हणून पाटीवरचा 11.6 हा आकडा बघताना पहिला प्रश्न हवा: हा इतका पळाला का? चेंडूच्या मागे धावत राहिला म्हणून, की चेंडू जिथे येणार होता तिथे आधी पोचत राहिला म्हणून?

पंगतीत वाढायला उभं राहिलेल्यांना हा फरक चटकन कळेल. एक वाढपी हातात भाजीचं भांडं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा पळत असतो, आणि तरीही कुणीतरी "अहो, इकडे वरण" म्हणून हाका मारत असतं. दुसरा सावकाश चालतो, पण त्याची नजर पानांवर असते. वरण संपायच्या आधी तो तिथे उभा असतो. दोघांची पावलं मोजली तर पहिला जास्त कष्टाळू ठरेल. यजमान मात्र पुढच्या कार्याला दुसऱ्यालाच बोलावतो.

चेंडू पायात असतो तो वेळ किती

सामना 90 मिनिटांचा असला तरी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ तासाभराहून कमी. थ्रो-इन, फाउल, दुखापत, गोलनंतरचा जल्लोष यांत बाकीचा जातो. खेळात असलेला चेंडू 22 जणांत वाटला की एकेकाच्या वाट्याला किती येणार? मधल्या फळीतला खेळाडू गजबजलेल्या जागी असतो, तरी चेंडू त्याच्या स्वतःच्या पायात असतो तो सगळा मिळून दोन-तीन मिनिटांच्या आतच.

आपण "टॅलेंट" म्हणून जे पाहतो, ते ड्रिबलिंग, तो अवघड पास, ती फिरकी, ते सगळं या दोन-तीन मिनिटांत घडतं. मोबाइलवर फिरणारे तुकडेही त्याच दोन मिनिटांचे असतात. उरलेला वेळ कॅमेरा दाखवत नाही. मिडफिल्डर चांगला आहे की नाही हे मात्र बरंचसं त्या न दाखवलेल्या वेळात ठरतं.

कांतेचं पळणं नीट पाहा

मेहनतीचं उदाहरण म्हणून जगभर एक नाव घेतलं जातं: फ्रान्सचा मिडफिल्डर एन्गोलो कांते. उंची 1.68 मीटर. लहानपणी अंगाने बारका म्हणून मोठ्या अकादम्यांनी घेतला नाही. फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत बुलोनकडून खेळला, मग काँ या क्लबकडून, आणि 2015 मध्ये इंग्लंडच्या लेस्टरकडून. त्या हंगामात लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली, ज्यावर सट्टेवाल्यांनी हंगामाच्या सुरुवातीला 5000 ला 1 असा भाव दिला होता. पुढच्या वर्षी कांते चेल्सीत गेला आणि चेल्सीने लीग जिंकली. 2018 मध्ये फ्रान्सबरोबर विश्वचषक, 2021 मध्ये चेल्सीबरोबर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा.

त्याच्याबद्दल सगळे म्हणतात, "दोन माणसांइतका पळतो." खरं आहे. पण लेस्टरच्या त्या हंगामातले आकडे बघा. चेंडू पायातून काढून घेण्यात तो लीगमध्ये पहिला होता, आणि समोरच्याचा पास मधेच तोडण्यातही पहिलाच. हे दुसरं महत्त्वाचं. पास तोडायचा तर पास निघाल्यावर पळून चालत नाही, कारण चेंडू माणसापेक्षा नेहमी वेगवान असतो. पास द्यायच्या आधी देणाऱ्याचं शरीर कुठे वळलंय, त्याला कोण मोकळा दिसतोय, हे वाचून सुटावं लागतं. कांते चेंडूपर्यंत पोचतो ते अर्धं पायांनी आणि अर्धं हा अंदाज बांधून. तो अर्धा सेकंद आधी निघतो म्हणून आपल्याला तो सगळीकडे दिसतो.

तर हे टॅलेंट म्हणायचं की मेहनत? मला वाटतं, कांतेला फक्त मेहनती म्हणणं हा त्याच्या बुद्धीवर अन्याय आहे.

मान वळवणं: न दिसणारी कला

संध्याकाळी बालेवाडीकडच्या एखाद्या टर्फवर जाळीबाहेर दहा मिनिटं उभे राहा आणि चेंडूकडे बघायचं नाही असं ठरवा. मधे खेळणाऱ्या एकाच मुलावर नजर ठेवा. मी पाहिलेला एक मुलगा सांगतो. अंगाने किरकोळ, मोजे खाली गळलेले. चेंडू उजवीकडे त्याच्या मित्राकडे. या मुलाने डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं. मित्राने चेंडू थांबवला, याने पुन्हा पाहिलं, या वेळी उजवीकडून. पास निघाला तेव्हा त्याचं अंग अर्धं वळलेलं होतं, एक खांदा मित्राकडे, एक समोरच्या गोलकडे. चेंडू आला तसा त्याने जवळच्या पायाने अडवलाच नाही. अंगासमोरून जाऊ दिला, लांबच्या पायाने हलकेच पुढे ढकलला, आणि मागून धावत आलेला मुलगा रिकाम्या जागेवर पोचला. दोन पावलं, एक पास, संपलं.

पलीकडच्या संघातला मधला मुलगा त्याच वेळात तिप्पट पळत होता. चेंडू जिकडे, तो तिकडे. पास आला की तो स्वतःच्या गोलकडे तोंड करून घ्यायचा, पाठीशी कोण आहे याचा पत्ता नाही, मग घाईघाईत परत मागे मारायचा. जाळीबाहेरून "शाब्बास, पळ, पळ!" चालू होतं. पहिल्या मुलाला कुणी काही म्हणालं नाही.

या मागे पाहण्याला फुटबॉलवाले स्कॅनिंग म्हणतात. चेंडू मिळण्याआधी, नजर चेंडूवरून काढून आजूबाजूला कोण आहे ते टिपणं. नॉर्वेचे संशोधक गेर यॉर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या शंभरहून जास्त खेळाडूंचं चित्रण खेळाडूवर कॅमेरा रोखून तपासलं आणि चेंडू येण्याआधी ते किती वेळा मान वळवतात ते मोजलं. जास्त वेळा पाहणाऱ्यांचे पास जास्त अचूक निघाले, आणि पुढच्या दिशेचे पास तर विशेष. सगळ्यांत वरच्यांत होता फ्रँक लॅम्पार्ड, सेकंदाला सरासरी 0.62 वेळा. म्हणजे चेंडू येण्याआधीच्या दहा सेकंदांत सहाच्या आसपास.

लॅम्पार्डच्या बाबतीत हे मला फार बोलकं वाटतं. इंग्लंडमध्ये तो कधी "जादूगार" म्हणून ओळखला गेला नाही. सरावानंतर एकटा थांबून नेमबाजी करणारा, घासून मोठा झालेला खेळाडू अशीच त्याची ओळख. आणि तरी मधल्या फळीतून खेळून चेल्सीसाठी 211 गोल, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक. गोलसमोरच्या चौकोनात, पेनल्टी बॉक्समध्ये, तो उशिरा शिरायचा, बचावपटूंची नजर चेंडूवर गेल्यावर, बरोबर त्या क्षणी. तो क्षण त्याला कळायचा, कारण तो सतत पाहत असायचा. पाहणं ही सवय आहे, आणि सवय लावता येते.

"पण न पळणारे जादूगार होतेच ना?"

होते. अर्जेंटिनाचा हुआन रोमान रिकेल्मे हा त्यांतला सगळ्यांत लाडका. सावकाश चालणारा, चेंडू पायाखाली ठेवून सगळं मैदान थांबवणारा दहा नंबर. 2006 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिना जर्मनीविरुद्ध 1-0 ने पुढे होती. 72 व्या मिनिटाला प्रशिक्षक पेकरमन यांनी रिकेल्मेला बाहेर काढून कांबियासोला आत आणलं, आघाडी राखायला जास्त राबणारा माणूस हवा म्हणून. 80 व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजने बरोबरी केली आणि पेनल्टीत अर्जेंटिना हरली. त्यानंतर वर्षानुवर्षं लोक म्हणत आले, की चेंडू टिकवणाराच बाहेर गेल्यावर आघाडी टिकणार कशी? मला हे पटतं. पायात चेंडू ठेवणं हाही बचावच आहे.

पण अशा खेळाडूची किंमत दुसरं कुणीतरी मोजत असतं. इटलीच्या आंद्रेआ पिर्लोचं बघा. तो मूळचा दहा नंबर, पण त्या जागेसाठी पुरेसा चपळ नव्हता. ब्रेशा आणि मग मिलान या क्लबांत त्याला मागे, बचावफळीपुढे आणलं. तिथून त्याचे लांब पास सुटायला लागले. हे शक्य झालं कारण शेजारी गॅतुसो होता. पिर्लोच्या वाटचं झुंजणं गॅतुसो झुंजत होता. मिलानने 2003 आणि 2007 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि 2006 मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हाही हे दोघे एकत्र होते.

या जोडीतला राबणारा काढून घेतला तर काय होतं, ते रियल माद्रिदने अनुभवलं. क्लोद मॅकेलेले हा त्यांचा सहा नंबर. झिदान, फिगो, राऊल पुढे जायचे, हा मागे एकटा खिंड लढवायचा. 2003 मध्ये त्याला पगारवाढ नाकारली, तो चेल्सीला गेला. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला. त्यानंतरचे तीन हंगाम रियलला ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, मिळाली नाही. सगळं खापर त्या एका निर्णयावर फोडता येणार नाही, पण मॅकेलेलेची जागा मोकळी राहिली हे मैदानावर उघड दिसत होतं.

आणखी एक सामना. 2010, चॅम्पियन्स लीगची बाद फेरी, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध मिलान. युनायटेडचे प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी कोरियाच्या पार्क जी-सुंगला एकच काम दिलं: पिर्लोला सोडायचं नाही. पार्कची ओळख अथक पळणारा अशीच. दोन सामन्यांत युनायटेड एकूण 7-2 ने जिंकलं, दुसऱ्या सामन्यात पार्कने स्वतः गोलही केला. पिर्लोला रोखायचं तर त्याला काय दिसतंय ते पार्कला त्याच्याइतकंच दिसायला हवं होतं. नुसत्या पायांनी ते जमलं नसतं.

आता तर चेंडू गेल्या क्षणी सगळ्या संघाने मिळून त्याच्यावर झडप घालायची पद्धत रूढ झाली आहे. तिला प्रेसिंग म्हणतात. दहापैकी एक जण उभा राहिला तर ती जाळी तिथेच फाटते. म्हणून निव्वळ उभा राहणारा दहा नंबर वरच्या पातळीवर आता क्वचित दिसतो.

"दम कमावता येतो, कला जन्मजात असते"

या वादातलं सगळ्यांत पक्कं समजलं जाणारं हे वाक्य आणि मला वाटतं, सगळ्यांत जास्त नुकसान यानेच होतं. मेहनत म्हणजे कमावलेली, कला म्हणजे देवाची देणगी. मुळात हे असंच आहे का?

दम मोजण्याचं एक माप आहे, व्हीओटू मॅक्स. जोरात व्यायाम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा. अमेरिका आणि कॅनडात 1990 च्या दशकात हेरिटेज नावाचा मोठा अभ्यास झाला. बैठं आयुष्य जगणाऱ्या कुटुंबांतल्या जवळजवळ पाचशे जणांना, आईवडील आणि मुलं दोघांनाही, वीस आठवडे एकसारखा व्यायाम दिला. सगळ्यांचा दम सारखा वाढायला हवा होता. तसं झालं नाही. काहींचा भरपूर वाढला, काहींचा जेमतेम. आणि ज्या घरात एकाचा वाढला त्या घरातल्या इतरांचाही वाढण्याकडे कल होता. माणसामाणसांतल्या या फरकाचा साधारण निम्मा भाग, संशोधकांच्या हिशोबाने जास्तीत जास्त 47 टक्के, घराण्याशी जोडला गेला. त्यात जनुकं आली, घरातल्या सवयीही आल्या. पण निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही: घाम गाळून दम किती वाढेल, हेही बऱ्याच अंशी जन्माबरोबर येतं.

वेगाचंही तेच. स्नायूंमध्ये झटक्यात आकसणारे तंतू किती, यावर पहिल्या दहा मीटरचा वेग बराच अवलंबून असतो, आणि त्यांचं प्रमाण मोठ्या अंशी उपजत असतं.

आता दुसरी बाजू. मागे वळून पाहणं, अंग अर्धं वळवून चेंडू घेणं, कुठला पास कधी द्यायचा हे ओळखणं, ही "कला" कुठून येते? बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत मुलं लहानपणापासून रोंडो खेळतात. वर्तुळात उभं राहायचं, मधे एक-दोघं चेंडू हिसकावायला, बाहेरच्यांनी एका स्पर्शात पास फिरवत राहायचा. स्पेनचा मिडफिल्डर शावी हा त्याच मुशीतून निघाला. उंची 1.70 मीटर, वेग बेताचा, आणि 2008 च्या युरोत स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. त्याची नजर जन्मजात होती असं म्हणणाऱ्यांनी ती नजर किती वर्षं, किती तास घासली गेली तेही पाहायला हवं.

थोडक्यात, ज्याला आपण मेहनत म्हणतो त्यात उपजत भाग मोठा असू शकतो, आणि ज्याला उपजत म्हणतो त्यात शिकलेला भाग मोठा असू शकतो. "पोरगं आळशी आहे" असं म्हणताना त्याच्या दमाचा भाता मुळातच लहान असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. आणि "याच्यात ते नाहीच" म्हणताना, त्याला ते कुणी शिकवलंच नसेल, हेही येत नाही.

"म्हणजे उपजत गुण असं काही नसतंच?"

असतं. चेंडूला स्पर्श करण्याची नजाकत काही मुलांत फार लवकर दिसते, आणि शंभर तास सराव करून दुसऱ्याला ती तशी येत नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप ती ओळखण्याच्या घाईला आहे.

अकरा-बारा वर्षांच्या वयात मुलांच्या अंगात विलक्षण तफावत असते. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकत्र खेळतं, त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर. युरोपातल्या अकादम्यांत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त निवडली जातात, हे वारंवार दिसून आलंय. त्यात भर म्हणून कुणाची उंची बाराव्या वर्षी सुटते, कुणाची पंधराव्या. लवकर वाढलेला मुलगा जास्त पळतो, धक्का मारून चेंडू मिळवतो, आणि त्याला आपण "मेहनती" किंवा "टॅलेंटेड" काहीही म्हणतो. खरं तर तो फक्त आधी मोठा झालेला असतो. आपल्याकडे वयचोरी पकडायला भारतीय फुटबॉल महासंघ मनगटाच्या हाडांची टीडब्ल्यू-3 चाचणी घेतो. त्याच एक्स-रेवरून मुलाची वाढ किती उरली आहे याचाही अंदाज येतो. निवड करताना तोही विचारात घ्यायला हवा.

क्रोएशियाचा मिडफिल्डर लूका मॉड्रिच याला लहानपणी हायदुक स्प्लिट या क्लबने बारका म्हणून परत पाठवलं होतं. 2018 च्या विश्वचषकात, वयाच्या 32 व्या वर्षी, क्रोएशियाचे लागोपाठ तीन बाद सामने 120 मिनिटांवर गेले आणि तो त्यांना अंतिम फेरीत घेऊन गेला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर पुरस्कारही त्या वर्षी त्यालाच. त्याने पायाच्या बाहेरच्या बाजूने मारलेल्या पासबद्दल सगळे बोलतात. 115 व्या मिनिटाला तो पास मारण्याइतकी ताकद उरलेली असते, ती कला की मेहनत?

"आपल्याकडे तर दमच कमी पडतो, त्याचं काय?"

हा आक्षेप प्रशिक्षकांकडून येतो आणि तो रास्त आहे. दम नसेल तर नजरेचाही उपयोग नाही. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की हे स्पष्ट दिसतं: मुलगा थकला की पाय थांबायच्या आधी मान थांबते. पहिल्या वीस मिनिटांत मागे वळून पाहणारा मुलगा शेवटच्या दहा मिनिटांत नुसता चेंडूकडे बघत राहतो, आणि तिथेच चुका सुरू होतात. म्हणून दम हवाच. मिडफिल्डरला तो मुख्यतः शेवटपर्यंत नीट विचार करता यावा म्हणून लागतो.

पण तो कमवायला मैदानाला दहा फेऱ्या मारणं हा एकच मार्ग नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण फुटबॉलपटूंच्या एका गटाला नुसतं टप्प्याटप्प्याने पळवलं आणि दुसऱ्याला लहान मैदानावर कमी जणांचे सामने खेळवले. दोन्ही गटांचा दम सारखाच वाढला. दुसऱ्या गटाला वर चेंडूशी खेळायला मिळालं ते वेगळंच. पुण्यातली छोटी टर्फ या दृष्टीने वरदान आहेत. अकरा जणांच्या सामन्यात एखाद्या मुलाला पाच मिनिटं चेंडू लागत नाही, पाच-पाचच्या सामन्यात तसं होऊच शकत नाही. तिथे मुलांना रांगेत उभं करून एकेकाला खुणेच्या शंकूंमधून पळवणं म्हणजे भाड्याने घेतलेल्या वेळाची उधळपट्टी आहे.

उलट टोकाचं उदाहरण पुणेकरांनी घरच्या मैदानावर पाहिलंय. 2014 मध्ये आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) पहिल्या हंगामात एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत कोस्तास कात्सुरानिस खेळला. 2004 चा युरो जिंकणाऱ्या ग्रीसच्या संघातला मिडफिल्डर, पुण्यात आला तेव्हा पस्तिशीचा. त्या वयात वेग कुठून आणणार? पण तो चेंडूच्या वाटेत उभा असायचा, आणि मधल्या फळीतून पुढे जाऊन गोलही केले. गर्दीचा डोळा मात्र त्याच संघातल्या फ्रान्सच्या त्रेझेगेसारख्या मोठ्या नावावर होता.

निवड चाचणीत काय पाहावं

आपल्याकडच्या बऱ्याच चाचण्या बीप टेस्टने सुरू होतात. वीस मीटरवर दोन रेघा, बीप वाजली की पलीकडे, आणि बीपमधलं अंतर कमी होत जातं. जो आधी गळतो तो बाद. यात मिडफिल्डर शोधायचा म्हणजे पंगतच न बसवता कोण जास्त चालतो ते बघून वाढपी निवडण्यासारखं आहे. मान किती वळते, ते इथे कुणी पाहतच नाही.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की पहिल्या दिवशी फक्त पाच-पाचचे सामने खेळवावेत, जोड्या दर दहा मिनिटांनी बदलून, म्हणजे एकाच चांगल्या मित्रामुळे कुणी झाकला किंवा उजळला जाणार नाही. कडेला दोघं बसावेत. एकाने मान वळवणं मोजावं. दुसऱ्याने चेंडू गमावल्यावरची पहिली पाच सेकंदं बघावीत: मुलगा हात हवेत टाकून उभा राहतो, चेंडूमागे आंधळा धावतो, की चेंडू आणि आपला गोल यांच्या मधे येतो? मधेच शिट्टी वाजवून सगळ्यांना डोळे मिटायला सांगावं आणि एकेकाला विचारावं, "तुझ्या मागे कोण आहे? उजवीकडे जागा आहे का?" कोण बरोबर सांगतो ते लिहून ठेवावं. बीप टेस्ट दुसऱ्या दिवशी घ्यावी आणि तिच्यासोबत मुलाची जन्मतारीख आणि उंची एकाच ओळीत असावी.

पालकांसाठी तर आणखी सोपं आहे. घरी येताना गाडीत "आज किती पळालास?" याऐवजी "चेंडू आला तेव्हा तुझ्या मागे कोण होतं?" असं विचारून पाहा. पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलांना उत्तर येणार नाही. महिन्याभराने ती न विचारताच सांगायला लागतात.